गिटारची नखी : घरगुती निर्मितीसाठी पातळ पदार्थांची निवड
(सोलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

गिटारची तार छेडण्यासाठी वापरली जाणारी नखी, म्हणजेच बाजारातील भाषेत 'पिक', ही अतिशय लहान वस्तू असली तरी वाद्याच्या नादगुणावर तिचा प्रत्यक्ष परिणाम होतो. घरात वा महाविद्यालयात सहज उपलब्ध होणाऱ्या टाकाऊ पातळ पदार्थांपासून अशी नखी तयार करता येते. मात्र कोणता पदार्थ योग्य व कोणता अयोग्य, हे केवळ पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. जाडी, ताठपणा, कडेची घडण, पृष्ठभागाचे घर्षण आणि झीज या पाच बाबींच्या एकत्रित विचारातून ते ठरते. प्रस्तुत लेखात भारतीय तंतुवाद्यांतील नखी व जवा यांची परंपरा, पाश्चात्त्य नखीच्या पदार्थांचा इतिहास व त्यामागील पर्यावरणीय प्रश्न, तसेच पदार्थनिवडीचे भौतिकशास्त्रीय निकष यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : नखी, मिजराब, जवा, ताठपणा, बहुवारिके, टाकाऊ वस्तू, आंतरविद्याशाखीय प्रात्यक्षिक

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याचा तंतुवाद्यांशी असलेला संबंध जुना आहे. मिरज येथे सतार व तंबोरा घडविण्याची जी परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झाली, तिला लागणारे मोठे भोपळे प्रामुख्याने भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या लौकिकात सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या भोपळ्याचाही वाटा आहे. वाद्यासाठी योग्य भोपळा निवडणे ही मुळात पदार्थपरीक्षाच होय. सालीची जाडी, वाळण्याची रीत व आकार यांवर पुढे वाद्याचा नाद अवलंबून असतो.

हीच पदार्थपरीक्षा वाद्याच्या सर्वांत लहान घटकालाही लागू पडते. तो घटक म्हणजे नखी. गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नखी ही महागडी वस्तू नव्हे. परंतु ती हरवते, झिजते आणि मुख्य म्हणजे आपल्या हाताला कोणती जाडी मानवते हे कळण्यापूर्वी अनेक प्रकार वापरून पाहावे लागतात. लहान शहरांतील दुकानांत बहुधा एकदोनच प्रकार मिळतात. म्हणून जुने ओळखपत्र, डब्याचे झाकण, निकामी सीडी यांपासून नखी कापून घेण्याचा प्रघात विद्यार्थ्यांत आढळतो. या प्रयोगांपैकी काही यशस्वी होतात, काही फसतात. ते का फसतात, याचे उत्तर पदवी पातळीवरील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या आधारे देता येते. ते देणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. भारतीय परंपरेतील नखी व जवा

'नखी' या शब्दातच तिचे मूळ दडलेले आहे. बोटाच्या नखाचे काम करणारी ती नखी. वारकरी संप्रदायातील वीणा बोटांनीच छेडली जाते. सतारवादक मात्र उजव्या हाताच्या तर्जनीत पोलादी तारेची वळवून केलेली नखी, म्हणजे मिजराब, घालतो. ती बोटाच्या टोकावर घट्ट बसते. तिच्या अरुंद व कठीण टोकामुळे सतारीचा स्वर तीक्ष्ण व स्पष्ट उमटतो.

सरोदवादनातील जवा हा प्रकार गिटारच्या नखीला अधिक जवळचा आहे. जवा बोटात घातला जात नाही. तो अंगठा व बोटे यांच्या चिमटीत धरतात. नारळाची करवंटी कापून व घासून तो तयार केला जातो, आणि पकड सुटू नये म्हणून धरण्याच्या बाजूस दोरा वा मेण लावण्याची रीत आहे. करवंटीतील लिग्निनचे मोठे प्रमाण तिला कठीणपणा देते. योग्य प्रकारे घासल्यास तिची कड दीर्घकाळ टिकते. घरगुती नखीसाठी भारतीय परंपरेने दिलेले हे एक सिद्ध उत्तर आहे, आणि ते प्रत्येक स्वयंपाकघरात उपलब्ध आहे.

या परंपरेतून एक महत्त्वाचा बोध मिळतो. मिजराब व जवा यांचे पदार्थ परस्परांहून अगदी भिन्न आहेत. एक धातूचा, दुसरा वनस्पतिजन्य. तरीही दोन्ही आपापल्या वाद्यावर योग्य ठरतात, कारण वाद्याची तार, तिचा ताण व अपेक्षित नाद यांच्याशी त्यांची सांगड बसलेली आहे. सबब 'उत्तम पदार्थ कोणता' हा प्रश्न अपुरा असून 'कोणत्या तारेसाठी, कोणत्या जाडीचा व कशी कड असलेला पदार्थ' असा तो विचारला पाहिजे.

३. कासवाच्या कवचापासून प्लास्टिकपर्यंत

पाश्चात्त्य देशांत गिटार व मँडोलिनच्या नखीसाठी दीर्घकाळ हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचे कवच वापरले गेले. हे कवच केराटिन या प्रथिनाचे, म्हणजे मानवी नखाच्याच जातीचे असते. ते ताठ असूनही ठिसूळ नसते, उष्णतेने मऊ करून वळविता येते आणि घासल्यावर त्यास उत्तम झिलई येते. या गुणांमुळेच ते कासवाच्या मुळावर आले. कंगवे, चष्म्याच्या चौकटी व दागिने यांसाठी झालेल्या कवचाच्या व्यापारात नखीचा हिस्सा लहान असला तरी तो होताच. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कराराने या व्यापारावर निर्बंध आले. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या कासवास सर्वोच्च संरक्षण आहे. आज ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते.

पर्यायाचा शोध मात्र कायद्याच्या आधीच सुरू झाला होता. न्यूयॉर्क येथे लुईजी डी'आंद्रेया यांनी १९२२ पासून सेल्युलॉइडच्या नख्या तयार करण्यास आरंभ केला. दिसण्यात व वागण्यात सेल्युलॉइड कवचाच्या जवळ जाते, मात्र ते अत्यंत ज्वालाग्राही असते. पुढे नायलॉन आले, आणि १९८० च्या दशकारंभी अॅसिटाल या बहुवारिकाच्या, खडूसारखा स्पर्श असलेल्या नख्या प्रचारात आल्या.

पदार्थबदलाची हीच प्रक्रिया आपल्याकडेही घडली. सतार व तंबोऱ्याच्या जवारीसाठी पूर्वी सांबराचे शिंग वापरले जाई. कायद्याने त्याचा व्यापार बंद झाल्यावर हाड, शिसवी लाकूड व कृत्रिम पदार्थ यांकडे कारागीर वळले. सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायातही याचे उदाहरण आहे. धोट्याला फटका देणारा 'पिकर' पूर्वी म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे, नंतर तेथे नायलॉनसारखी बहुवारिके आली. वारंवार आघात सोसणे, न तडकणे आणि सावकाश झिजणे या ज्या अपेक्षा मागावरील पिकरकडून केल्या जातात, त्याच गिटारच्या नखीकडूनही केल्या जातात.

४. पदार्थनिवडीचे निकष

४.१ जाडी व ताठपणा : नखीचे टोक तारेवर टेकते तेव्हा ती एका टोकाशी पकडलेल्या पट्टीप्रमाणे वाकते. अशा पट्टीचा ताठपणा पदार्थाच्या यंग गुणांकाच्या समप्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जाडी दुप्पट केल्यास ताठपणा आठपट होतो. घरगुती वापरातील ताठ प्लास्टिकांचे यंग गुणांक एकमेकांपासून फार दूर नाहीत. ताठ पीव्हीसीचा सुमारे ३ गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचा सुमारे २.३, तर पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे १.४ असतो. यांतील कमाल फरक दुपटीच्या आसपास आहे. जाडीतील अल्प बदलाने मात्र ताठपणात याहून कितीतरी मोठा फरक पडतो. म्हणूनच पदार्थाच्या नावाआधी जाडी मोजणे आवश्यक ठरते.

एका सोप्या गणिताने हे स्पष्ट होईल. ६५० मिलिमीटर लांबीची व १०० न्यूटन ताणाची तार घोडीपासून १३० मिलिमीटरवर २ मिलिमीटर बाजूला ओढावयाची असल्यास सुमारे १.९ न्यूटन बल लागते. आता चिमटीबाहेर १० मिलिमीटर राहिलेली २० मिलिमीटर रुंदीची पट्टी घेऊ. ती ०.७६ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी ओळखपत्राची असल्यास या बलाने तिचे टोक सुमारे ०.३ मिलिमीटर वाकेल. तार सहज छेडली जाईल. तीच पट्टी ०.१७५ मिलिमीटर जाडीच्या एक्स-रे फिल्मची असल्यास, यंग गुणांक समान धरूनही, तिचा ताठपणा सुमारे ऐंशीपट कमी भरतो. गणिताने तिचे टोक दोन सेंटिमीटरहून अधिक वाकावयास हवे. पट्टीच १० मिलिमीटर असल्याने ती तारेवरून नुसती दुमडून निघून जाते. फिल्मची नखी 'आवाज देत नाही' असा जो अनुभव येतो, त्याचे कारण हे आहे.

४.२ थर चिकटविणे : पातळ पदार्थ टाकून न देता त्याचे थर चिकटविता येतात. येथेही घनाचा नियम लागू होतो. फिल्मचे चार तुकडे नुसते एकावर एक धरल्यास ताठपणा चौपट होतो. तेच तुकडे एकसंध चिकटविल्यास तो चौसष्टपट होतो. असे चार थर ०.७० मिलिमीटर भरतात व ओळखपत्राच्या तीनचतुर्थांशाहून थोडा अधिक ताठपणा देतात. यासाठी पृष्ठभाग काचकागदाने खरवडून दोन घटकांचे इपॉक्सी वापरावे. फिल्मवर जिलेटिनचा थर शिल्लक राहिल्यास जोड सुटतो.

४.३ टोकाची घडण : तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचे निस्पंद येतात ते उपस्वर उमटत नाहीत, हा टॉमस यंग यांचा नियम गिटारला बव्हंशी लागू पडतो. (तंबोरा व वीणा यांच्या जवारीवर मात्र हा नियम मोडतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.) छेडण्याच्या जागेइतकीच टोकाची रुंदीही महत्त्वाची आहे. टोक गोल व रुंद असेल तर तारेचा कोन बोथट होतो, वरचे उपस्वर क्षीण होतात आणि स्वर मऊ वाटतो. टोक अणकुचीदार असेल तर स्वर तेजस्वी होतो. त्यामुळे एकाच ओळखपत्राच्या दोन कोपऱ्यांपासून दोन भिन्न नादांच्या नख्या मिळू शकतात.

४.४ घर्षण : नखी तारेला क्षणभर अडकवून मग सोडते. कड खडबडीत असेल तर सोडताना खरखर ऐकू येते, विशेषतः गुंडाळलेल्या जाड तारांवर. याउलट धरण्याची बाजू फार गुळगुळीत असेल तर घामाने नखी फिरते. म्हणून कड घासून गुळगुळीत करावी व पकडीचा भाग खडबडीत ठेवावा. करवंटीच्या जव्यावरील दोरा व मेण याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

४.५ झीज व हवामान : मऊ पदार्थ लवकर झिजतो, तर अतिकठीण पदार्थ तारेलाच झिजवतो. 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे हे जुने सहा पेन्सचे नाणे नखी म्हणून वापरतात, हे प्रसिद्ध आहे. परंतु पोलादी पत्र्याचा तुकडा नवशिक्या हातात तारांचे वेष्टन खराब करतो. हवामानाचाही विचार करावा लागतो. नायलॉन हवेतील आर्द्रता शोषून काहीसे मऊ पडते, त्यामुळे तीच नखी पावसाळ्यात व सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात थोडी वेगळी वागते. उन्हात उभ्या केलेल्या बंद वाहनात ठेवलेली पातळ प्लास्टिकची नखी वाकडी होण्याची शक्यता असते.

५. उपलब्ध पदार्थांची तुलना

उपरोक्त निकषांच्या आधारे परिसरात सहज मिळणाऱ्या पदार्थांचे मूल्यमापन पुढीलप्रमाणे करता येते.

(अ) दुधाची पिशवी : पॉलिथिलीनचा अतिशय पातळ व मऊ पापुद्रा. नखीसाठी पूर्णतः अयोग्य.

(आ) एक्स-रे फिल्म : पॉलिएस्टरची, सुमारे ०.१७५ मिलिमीटर. एकेरी अयोग्य, तीन-चार थर चिकटविल्यास योग्य. जुन्या फिल्मवरील लेपात चांदी असते. तो काढलेले पाणी गटारात न सोडता रसायनशास्त्र विभागाच्या देखरेखीखाली हाताळावे. रुग्णाचे नाव असलेला भाग नष्ट करावा.

(इ) आइस्क्रीम वा लोण्याच्या डब्याचे झाकण : बहुधा पॉलिप्रॉपिलीन. जाडी मोजून घ्यावी. हे प्लास्टिक तुलनेने मऊ असल्याने स्वर सौम्य येतो. नवशिक्यांच्या साध्या साथीसाठी उपयुक्त. थर चिकटविण्यास मात्र निरुपयोगी, कारण यावर सामान्य गोंद धरत नाही.

(ई) मुदत संपलेले प्लास्टिक ओळखपत्र वा बँकेचे कार्ड : आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.७६ मिलिमीटर जाडीचे. मध्यम नखीसाठी सर्वांत सोयीचा पदार्थ, कारण जाडी आधीच निश्चित आहे आणि साध्या कात्रीने कापता येते. चिप, चुंबकीय पट्टी व क्रमांक यांचे तुकडे करून नष्ट करावेत. हे कार्ड थरांचे असल्याने कड नीट न घासल्यास कालांतराने पापुद्रे सुटतात.

(उ) निकामी सीडी : पॉलिकार्बोनेट, १.२ मिलिमीटर. ओळखपत्राच्या सुमारे तिप्पट ताठ. एकेक स्वर वाजविण्यास चांगली, झपाट्याने साथ करण्यास कठीण. कात्रीने कापल्यास तडकून धारदार कपचे उडतात. म्हणून बारीक दात्यांच्या करवतीने, डोळ्यांना चष्मा लावूनच कापावी. अॅल्युमिनियमचा लेप चिकटपट्टीने काढून टाकावा.

(ऊ) टेबलटेनिसचा जुना चेंडू : २०१४ पूर्वी स्पर्धांत सेल्युलॉइडचे चेंडू वापरले जात. महाविद्यालयाच्या जिमखान्यात असे फुटके चेंडू अजूनही सापडू शकतात. नाद पारंपरिक सेल्युलॉइड नखीसारखा, पण पातळ व वक्र. ज्योतीजवळ नेणे धोक्याचे.

(ए) नारळाची करवंटी : मूळ जाडी काही मिलिमीटर. घासून टोकाशी पातळ करावी लागते. श्रम अधिक, परंतु टिकाऊ, नैसर्गिक आणि निरुपद्रवी. जाड असल्याने वाकत नाही. स्वर ठाशीव व उबदार.

(ऐ) बांबू : उभ्या धाग्यांचा असल्याने लांबीच्या दिशेने ताठ, पण आडव्या ताणाने चिरतो. धागे टोकाच्या दिशेने येतील अशा रीतीने तुकडा कापावा.

६. निर्मितीची रीत व दक्षता

प्रमाण नखी साधारण ३० मिलिमीटर लांब व २६ मिलिमीटर रुंद, गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखी असते. हाताशी असलेली नखी पदार्थावर ठेवून आखणी करावी, रेषेच्या किंचित बाहेरून कापावे आणि मग घासून मापात आणावे. प्रथम २२० क्रमांकाचा, नंतर ४०० व अखेरीस १००० क्रमांकाचा वॉटर पेपर ओला करून वापरावा. टोकाच्या दोन्ही बाजूंस हलका उतार द्यावा. शेवटी जाड सुती कापडावर कड जोरात घासल्यास तिला झिलई येते. सोलापुरी टॉवेलचा जुना तुकडा यास पुरेसा आहे.

काही दक्षता अनिवार्य आहेत. पीव्हीसी कापण्यासाठी तापविलेले पाते वापरू नये, कारण जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. घासताना पाणी वापरल्यास भुकटी श्वासावाटे शरीरात जात नाही. ही भुकटी सूक्ष्म प्लास्टिकच असल्याने ती पाण्याबरोबर वाहू न देता कापडाने टिपून कचऱ्यात टाकावी. टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर करताना नवा उपद्रव निर्माण होऊ नये, एवढे भान राखणे आवश्यक आहे.

७. अध्यापनातील उपयोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आंतरविद्याशाखीय अध्ययनावर भर दिला आहे. प्रस्तुत विषयावर आधारित प्रात्यक्षिक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून जवळजवळ विनाखर्च करून घेता येते. स्क्रू गेजने प्रत्येक पदार्थाची जाडी ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणे, पट्टीचे एक टोक पकडून दुसऱ्या टोकाशी वजन टांगून वाकण मोजणे, जाडी व ताठपणा यांचा आलेख काढून घनाचा नियम पडताळणे, आणि त्याच पदार्थांच्या नख्यांनी एकच तार एकाच जागी छेडून ध्वनिमुद्रणाचे वर्णपट तुलनेस घेणे, असे त्याचे टप्पे असू शकतात. वजन निवडताना पदार्थाचा विचार करावा. फिल्मसाठी २० ग्रॅम पुरेसे होतात, ओळखपत्रासाठी ५०० ग्रॅम लावूनही वाकण एक मिलिमीटरहून कमी भरते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी बहुवारिक ओळखेल, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी कासवाच्या व्यापाराचा मागोवा घेईल, तर संगीताचा विद्यार्थी डोळे मिटून नाद पारखेल. या शेवटच्या परीक्षेत नखी कशाची आहे हे वादकाने श्रोत्यास सांगू नये, अन्यथा पदार्थाच्या नावाचा पूर्वग्रह कानावर परिणाम करतो.

८. निष्कर्ष

१) नखीची योग्यता पदार्थाच्या नावापेक्षा जाडी, टोकाची घडण व कडेचा गुळगुळीतपणा यांवर अधिक अवलंबून असते. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, हे यातील निर्णायक सूत्र आहे.

२) सर्वसाधारण वादनासाठी ०.७६ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक ओळखपत्र हा घरगुती पदार्थांतील सर्वांत सोयीचा पर्याय ठरतो. टिकाऊपणा व पर्यावरण या दृष्टीने नारळाची करवंटी सरस आहे.

३) अतिपातळ पदार्थ एकेरी निरुपयोगी असले तरी एकसंध चिकटविल्यास उपयुक्त होतात.

४) कासवाचे कवच व सांबराचे शिंग यांची जागा अन्य पदार्थ घेऊ शकले, कारण कारागिरांनी नावाचा मोह सोडून गुण पारखले. संगीतासाठी दुर्मीळ प्राण्याचा बळी अपरिहार्य नाही, हे या लहानशा वस्तूच्या इतिहासाने सिद्ध केले आहे.

मंगळवेढ्याचा शेतकरी भोपळ्याची साल निरखून आणि मिरजेचा कारागीर लाकडावर टिचकी मारून जो निर्णय घेतो, तो अनुभवजन्य ज्ञानाचा भाग आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने स्क्रू गेज व काचकागद हाती घेऊन त्याच प्रश्नाकडे पाहिल्यास प्रयोगशाळेतील सूत्र व कारागिराचा हात यांमधील अंतर कमी होण्यास निश्चितच साहाय्य होईल.